दोन हातांचे डोळे

डावा डोळा पाच एकोणतीसला पुरा झाला आणि उजवा पाच छत्तीसला. मधल्या सात मिनिटांत काय झालं ते पेणच्या म्हसकरांच्या कारखान्यात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीकाकीने मूर्तीवरचं फडकं काढलं आणि जीभ चावून ती दोन पावलं मागे सरली.

“शर्वाणी, हातातलं ठेव नि आधी इकडं ये.”

काशीकाकी तीस वर्षं इथे गणपतींची पितांबरं रंगवत होती. ती उगाच हाक मारणारी बाई नव्हे. शर्वाणी रंगाचा हात कमरेच्या फडक्याला पुसत आली आणि मूर्तीसमोर उभी राहिली. दीड फुटी शाडूची मूर्ती, रोह्याच्या कर्णिकांची, पंचेचाळीस वर्षं न चुकता याच कारखान्यातून जाणारी. डावा डोळा अगदी नानांचा होता. पापणी किंचित उतरलेली, नजर पुढ्यात बसलेल्या माणसावर. उजवा जरा जास्त उघडा, बुबुळ थोडं वर सरकलेलं, तेजाचा ठिपका एकाऐवजी दोन. एकेकटा पाहिला तर दोन्हींत खोट काढायला जागा नव्हती. एका चेहऱ्यावर मात्र ते दोन अनोळखी माणसं एकाच बाकावर बसावीत तसे दिसत होते.

“दोन हातांचे डोळे,” काशीकाकी पुटपुटली.

म्हसकरांच्या घरात डोळ्यांच्या आखणीला एकच नियम होता. दोन्ही डोळे एकाच हाताने, एकाच बैठकीत. मध्ये तहान लागली तरी उठायचं नाही. नानांच्या वडिलांचं एकदा डावा डोळा झाल्यावर मनगट लचकलं, तर त्यांनी झालेला डोळा पुसला आणि अख्खी मूर्ती भावाच्या हवाली केली, पण अर्धी दिली नाही. अशा घरात ही मूर्ती उभी होती, आणि चूक कुणाची ते शर्वाणीला फडकं निघताक्षणी कळलं होतं. चूक तिची स्वतःची होती.

तेवढ्यात नाना काठी टेकत आलेच. दामोदर म्हसकर, शर्वाणीचे वडील, वय एकाहत्तर. उजवा हात कोपरात वाकून पोटाशी धरलेला. त्यांनी डावा डोळा पाहिला, उजवा पाहिला, परत डावा पाहिला. शर्वाणी बोलणी खायच्या तयारीने उभी होती. नानांनी फडकं मागितलं, आपल्या डाव्या हाताने मूर्तीवर घातलं आणि म्हणाले, “ही माझ्या खोलीत ठेवा.”

बास. एवढंच. ते ओरडले असते तर शर्वाणीला जास्त बरं वाटलं असतं.

चार वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, वाचा सुधारली, उजवा हात मेला तो मेलाच. मेला म्हणजे हाताला काही झालं नव्हतं. कोपरापासून बोटांपर्यंत नसा शाबूत, स्नायू शाबूत. मेंदूतून हुकूम यायची वाट तेवढी तुटली होती. त्याच्या वर्षभर आधी पुण्याच्या एका संशोधन संस्थेने कारागिरांच्या हातांचा अभ्यास म्हणून नानांच्या हाताला दोन महिने एक पातळ राखी बाही बांधली होती. ब्रशचा एकेक फटकारा मारताना कुठला स्नायू कधी, किती आवळतो आणि कधी सुटतो, हे ती बाही टिपून घेई. एका फटकाऱ्याची एक फाईल. नानांच्या तीन हजार नऊशे सहा फटकाऱ्यांचा तो हस्तकोश तयार झाला. तेव्हा नाना म्हणाले होते, “कशाला हा उपद्व्याप? हात काय कुठे पळून चाललाय?”

हात गेल्यावर तीच बाही उलटी चालवायची युक्ती निघाली. टिपलेलं सगळं ती आता नसांना परत सांगू लागली. नाना मूर्तीसमोर बसत, कपाळावरचा चिमुकला कॅमेरा चेहऱ्याची ठेवण बघे, हस्तकोश त्या जागी बसेल असा फटकारा निवडे, आणि नानांची मेलेली बोटं दोन शून्यांचा बारीक ब्रश धरून पापणीची रेघ ओढत. पहिल्यांदा ती रेघ उमटली तेव्हा शर्वाणी कोपऱ्यात जाऊन ओक्साबोक्शी रडली होती. त्याच आठवड्यात तिने पुण्याची नोकरी सोडली आणि हस्तकोशाची राखण अंगावर घेतली.

मग थोरला भाऊ हेरंब पुढे आला. त्याचा टोरांटोजवळ कारखाना होता. शाडू नि साचे पेणहून जात, मूर्ती तिथेच घडत. अडत होतं ते आखणीशी. त्याने सहा कारागिरांना सहा बाह्या घातल्या आणि नानांचा हात तिकडे नेला. ‘पेणच्या दामोदर म्हसकरांच्या हातचे डोळे’ अशी जाहिरात केली, आणि ती खोटी आहे असं कुणी म्हणू शकलं नाही.

इथूनच दोन हस्तकोश झाले, एक पेणला, एक कॅनडात. नाना “जरा हलका” म्हणाले की शर्वाणी त्या फायलीतला दाब कमी करी. ती दुरुस्ती तिकडे जायला हवी. तिकडच्या कारागिरांचे हात जिवंत, ते बाहीच्या सांगण्यात आपलंही थोडं मिसळत. एखादी रेघ अशी काही वेगळी जमली की बाही तिची नवी फाईल करी, वर कारागिराचं नाव घाली. ती इकडे यायला हवी.

दोन ठिकाणं सारखी ठेवायची यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. इथलं तिथे न्या, तिथलं इथे आणा. पण समजा, एक फाईल कॅनडात आहे आणि पेणला नाही. ती तिकडे नव्याने आली म्हणून इथे आणायची, की इथे कुणी मुद्दाम पुसली म्हणून तिकडचीही पुसायची? नुसतं बघून कळत नाही. दारात पाहुण्याची चप्पल नाही, एवढ्यावरून पाहुणा अजून यायचाय की जेवून गेला ते सांगता येतं का? म्हणून ही ने-आण करणारं यंत्र दर खेपेला काम संपलं की दोन्हीकडे काय काय होतं त्याची यादी करून ठेवी. पुढच्या खेपेला आधी ती मागची यादी काढी. यादीत नाव आहे आणि फाईल एका बाजूला नाही, तर ती पुसलेली. दुसरीकडचीही पूस. यादीत नावच नाही, तर ती नवी. आण. दोन्हीकडे बदललेली असेल तर भांडण नको, दोन्ही ठेव. आणि अर्ध्याहून जास्त फायली एका बाजूने गायब दिसल्या, तर कशालाही हात लावू नकोस. दोन्ही बाजू गोठव आणि माणसांना विचार.

ही खेप रोज रात्री आठला होई. तेव्हा कारखान्यात चिटपाखरू नसे. पण हेरंब म्हणाला, “शर्वा, माझी पोरं आठला कामाला बसतात, तुमचं इथे येईपर्यंत सकाळ वाया जाते. साडेपाचला कर ना तुझ्याकडे.” पेणला साडेपाच म्हणजे तिकडे सकाळचे आठ. साडेपाचला इथे चहा होतो, बाही उतरलेलीच असते, असा हिशोब करून तिने वेळ बदलली. भाऊ काही मागतो आणि आपण देतो, यात तिला थोडं सुखही वाटलं होतं. त्या दिवशी वीज तासभर गेली, आखणी लांबली, चहा मागे पडला. डावा डोळा झाला आणि साडेपाच वाजले. कॅनडाच्या नव्या फटकाऱ्यांचा ताजा गठ्ठा आला, आणि हस्तकोशाने उजव्या डोळ्यासाठी त्यातलेच निवडले.

तिने आधी वेळ परत आठवर नेली. मग हेरंबला फोन लावला.

“एक डोळा बिघडला म्हणून एवढं?” हेरंब म्हणाला. “पुसा आणि परत काढा.”

“दादा, नाना दोन दिवस आखणीला बसले नाहीत. एकशे बारा मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या आहेत. चतुर्थीला अठरा दिवस राहिलेत.”

“मग बोल त्यांच्याशी!”

“बोलतील तर ना. दिवसभर खोलीत त्या मूर्तीसमोर बसलेले असतात. मी गेले की फडकं टाकतात. मला वाटतं, आपला हात कुणी बाटवला असं त्यांना वाटतंय.”

हेरंबलाही तसंच वाटत असावं. तो म्हणाला, “माझ्या पोरांच्या फायली वेगळ्या काढता येतील? इथल्या इथे, तिथल्या तिथे?”

“येतील. दोन दिवस लागतील.”

“मग लाग कामाला.”

ती लागली. नानांचा हात नानांना शुद्ध करून द्यायचा, असं तिने मनाशी घेतलं होतं. जेवताना, रंग कालवताना, अंघोळ करतानासुद्धा तिच्या डोक्यात त्या फायलींची नावं फिरत होती. स्वस्थता म्हणून नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिने कामापुरती एक खेप हाताने चालवली, आणि पडद्यावर लाल चौकट आली.

‘पेण बाजूच्या ४११२ पैकी ३९०६ फायली सापडत नाहीत. काम थांबवले आहे. दोन्ही बाजू गोठवल्या आहेत. दोन्ही राखणदारांनी उत्तर द्यावे.’

शर्वाणीने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

पहिला संशय फायली साठवणाऱ्या तबकडीवर. यंत्र दोन्ही बाजूंना एक छोटी खुणेची फाईल ठेवत असे. ती दिसेनाशी झाली तर समजायचं की साठवणच निखळलीय, माल शाबूत असेल. खूण जागच्या जागी होती. तबकडी ठणठणीत होती. म्हणजे फायली हरवल्या नव्हत्या, पुसल्या होत्या. कुणी? हस्तकोशाचा पडदा नानांच्या खोलीशेजारीच होता, त्याला कुलूप नव्हतं. घरच्या माणसांत कुलूप कशाला, असं तीच म्हणाली होती.

उरलेल्या दोनशे सहा फायली तिने उघडल्या. नानांनी रागाच्या भरात परकं सगळं पुसलं असणार आणि आपलं ठेवलं असणार, मग हे उरलेले आकडे असे उलटे कसे, ते तिला समजेना. तिने नावं वाचली. इंद्राणी. इंद्राणी. ब्रायन. इंद्राणी. सत्या. इंद्राणी. सगळी कॅनडाची. दामोदर हे नाव कुठेच नव्हतं.

ती दोनदा वाचून उठली आणि न विचारता खोलीत शिरली.

नाना पलंगावर बसले होते. समोर पाटावर ती मूर्ती होती, आज फडक्यावाचून. दाराशी काशीकाकी उभी होती, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने.

“मी नुसतं वाचून दाखवलं हं,” काशीकाकी घाईने म्हणाली. “बोट त्यांचं. मी म्हटलं, नावावर दाबा, मग सगळे निवडा असं येतं त्यावर दाबा. आणि काय नाय केलं मी.”

हजारदा शिकवूनही ज्यांना फोनची घंटा बंद करता येत नव्हती, त्या नानांनी तीन वेळा बोट टेकवून तीन हजार नऊशे सहा फटकारे पुसले होते.

“नाना, चुकून उलटं झालंय,” शर्वाणी म्हणाली. “तुम्ही तुमच्याच फायली पुसल्यात. घाबरू नका. कॅनडात सगळ्या आहेत. मी नि दादाने ‘नको’ म्हटलं की पाच मिनिटांत परत येतील.”

“चुकून नाही,” नाना म्हणाले. “बस.”

ती बसली नाही.

“तूच सांगितलं होतंस ना, इथलं पुसलं की तिथलंही पुसतं, म्हणून हात लावू नका? ते ऐकूनच हात लावला.”

“पण का?”

“हा डोळा बघ,” नानांनी डाव्या हाताने मूर्तीच्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. “कसा आहे?”

“तुमचा आहे. सुंदर आहे.”

“आता बाहेर जा नि मांडणीवरच्या कुठल्याही मूर्तीचा डावा डोळा बघ. हाच. गेल्या सालचा बघ. हाच. हा डोळा पाच वर्षांपूर्वीच्या दामूने काढलाय, शर्वे. तेव्हापासून मी त्याच्या शेजारी नुसता बसतो. हात माझा, ब्रश माझा, आणि काढतोय तो. तो या मूर्तीकडे बघतसुद्धा नाही. त्याला ही मूर्ती माहीतच नाही.” त्यांनी श्वास घेतला. “आणि हा उजवा बघ. या सोंडेचं मूळ जरा डावीकडे झुकलंय, साच्याची खोड ती. उजव्याने ती सांभाळून घेतलीय. बुबुळ म्हणून वर सरकलंय. ज्याने कुणी ही रेघ पहिल्यांदा ओढली, तो समोरच्या मातीकडे बघत होता. दोन दिवस मी हेच ताडून बघत होतो. दोघांतला जिवंत डोळा कुठला, ते मला लागलीच कळलं होतं. पटायला वेळ लागला.”

नाना अपमानाने जळतायत असं समजून शर्वाणी दोन दिवस त्यांची शुद्ध प्रत काढत बसली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

“मग तुमच्यापुरतं थांबा,” ती म्हणाली. “मी दुवा तोडते. तिकडचं तिकडे राहू दे. दादाचं नुकसान कशाला?”

“तिकडे राहिला तर पन्नास वर्षं राहील. सहाच्या साठ पोरांच्या हातांत जाईल आणि प्रत्येकाचा डोळा माझ्यासारखा होईल. आपण मूर्ती पाण्यात सोडतो ना? दहा दिवस पूजा करून, डोळ्यांत पाणी आणून सोडतोच ना? मग हात कुठे लागून गेला?”

“मूर्ती पुढच्या वर्षी परत येते, नाना.” हे बोलताना तिला रडू फुटलं. “तुमचा हात परत यायचा नाही. मला तो हवाय. तुम्ही बोलत नव्हतात तेव्हा, हॉस्पिटलात, मला एवढंच वाटत होतं की निदान हात आहे. पेटीत आहे. तुम्ही गेलात तरी मी तो कुणाच्या तरी मनगटाला बांधेन आणि तुमची रेघ बघेन.”

“ते माहितेय मला,” नाना हळूच म्हणाले. “म्हणूनच जिवंतपणी पुसला. मागाहून तुला जमलं नसतं.”

तोवर फोन वाजू लागला. तिकडे सकाळचे साडेसात झाले होते आणि हेरंबच्या पडद्यावरही लाल चौकट होती. शर्वाणीने त्याला सगळं सांगितलं, आणि तो भडकला.

“दोन्ही बाजू गोठल्यात म्हणजे सहाच्या सहा बाह्या बंद! तीनशे चाळीस मूर्ती आहेत माझ्याकडे, शर्वा. नाव छापून पैसे घेतलेत मी. तू आत्ताच्या आत्ता ‘नको’ दाब, मीही दाबतो. नानांना सांगायची गरज नाही. परत आलं की आलं, त्यांना काय कळणार?”

“ते इथेच आहेत. ऐकतायत.”

शर्वाणीने फोन नानांच्या पुढ्यात धरला.

“हेरंबा,” नाना म्हणाले, “इंद्राणी कोण?”

“अं? आहे एक. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची. तिच्या खापरपणज्याला भारतातून ऊसतोडीला नेलं होतं. मराठीचं एक अक्षर येत नाही तिला. आधी केक सजवायची. का?”

“उजवा डोळा तिचा आहे, त्या रेघांवर तिचंच नाव निघालं. तिला सांग, बाही काढून बस.”

“नाना, लोकांनी तुमच्या हातचे डोळे मागितलेत!”

“मग लोकांना खरं सांग. दामोदर म्हसकरला जाऊन... दामोदर म्हसकरच्या हाताला जाऊन चार वर्षं झाली. आता इंद्राणी काढते, ब्रायन काढतो. त्यांच्या स्वतःच्या दोनशे सहा रेघा मी ठेवल्यात. एका डोळ्याला तीसही लागत नाहीत. ज्याला आपला पैसा परत हवा असेल त्याला दे. तुझं बुडेल ते मी इथून...”

“पैशाचं नाही हो,” हेरंब म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. “मी इथे सकाळी कुलूप काढतो, पोरं बाह्या घालतात, आणि सहाजण तुमच्यासारखे मान तिरकी करून बसतात. बाहीमुळे खांदा तसा पडतो. रोज बघतो मी. अकरा वर्षं झाली मला घरी येऊन.”

काशीकाकीने पदराने डोळे टिपले.

“मग ये की,” नाना शेवटी म्हणाले. “मी आहे अजून.”

हेरंबने फोन या कानाहून त्या कानाला नेला असावा. फोनमधून खरखर आली. “शर्वा,” तो म्हणाला, “तुझं काय म्हणणं? दोघांचं एकच उत्तर लागतं.”

ती पडद्यासमोर जाऊन बसली. लाल चौकटीखाली दोन पर्याय होते. ‘पुसणे मान्य.’ ‘नको, मागे आणा.’ मान्य म्हटलं की मागची यादीही नवी होणार होती, आणि तीन हजार नऊशे सहा फटकारे कधी होते याची नोंदसुद्धा राहणार नव्हती. हेरंब तिकडे गुपचूप एक प्रत काढू शकला असता, हे तिला कळत होतं, त्यालाही कळत होतं. ती त्याबद्दल बोलली नाही. तिला स्वतःलाही तोच मोह होत होता.

“नाना, इथल्या एकशे बारांचं काय?” तिने वेळ काढायला विचारलं.

“समेळांचा वसंता उद्यापासून आखणीला येतोय.”

शर्वाणीने वळून पाहिलं. समेळ आणि म्हसकर एका गल्लीत राहून चाळीस वर्षं एकमेकांच्या मूर्तींना नावं ठेवत होते.

“तुम्ही समेळांकडे गेलात?”

“काल. चहाही घेतला. भिकार होता.”

काशीकाकीला हसू आवरेना. शर्वाणीही रडता रडता हसली, आणि त्या हसण्यातच तिच्या लक्षात आलं की नानांनी सगळं उरकून ठेवलंय, मागे राहिलीय ती एकटी. तिने नाक पुसलं.

“दादा, मी मान्य करतेय.”

मग पडद्यावर कॅनडाच्या बाजूची खूण हिरवी झाली. तिने आपली केली. काम अकरा सेकंदांत झालं. एवढ्या मोठ्या गोष्टीला निदान एखादं मिनिट लागावं अशी तिची अपेक्षा होती. ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत. २०६,’ असं आलं, आणि यंत्र पुढच्या खेपेची वाट बघत स्वस्थ बसलं.

ती स्वस्थ बसू शकली नाही. अंगणात गेली, परत आली, रंगांच्या वाट्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. मग नानांच्या उजव्या हाताची बाही तिने सोडवली. खालची कातडी पांढरी पडली होती. तिने तो हात तेल लावून चोळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. तो तसाच पडून राहिला.

“ब्रश दे,” नाना म्हणाले. डावा पंजा पुढे होता.

तिने दिला. त्यांनी कर्णिकांच्या मूर्तीचे दोन्ही डोळे ओल्या फडक्याने पुसले आणि वर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. तो वाळेपर्यंत तिघंही थांबली. मग त्यांनी डाव्या हाताने पापणीची रेघ ओढली. ती गालावर घसरली. पुसली. दुसरी भुवईत गेली. पुसली. तिसऱ्या वेळी ब्रश बोटांतून सुटून पाटावर पडला. शर्वाणी उचलायला वाकली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि स्वतः उचलला. ज्यांच्या रेघेसाठी लोक रोह्याहून, महाडहून येत, त्या माणसाला पहिलीतल्या पोरासारखं गिरवताना बघणं तिला असह्य होत होतं. तरी ती उठली नाही. एकदा नजर वळवली ती परत आणली.

एक डोळा व्हायला पाऊण तास लागला. दुसऱ्याला त्याहून थोडा जास्त. मध्ये नाना पाणी प्यायलाही उठले नाहीत. काशीकाकीची निघायची वेळ होऊन गेली होती, पण ती दाराला टेकून उभीच होती. शेवटचा तेजाचा ठिपका टेकवून नानांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

“सांग आता,” ते म्हणाले. “कशी झालीय?”

शर्वाणीने मूर्तीकडे पाहिलं. एक पापणी जाड होती, एक बारीक. बुबुळं जराशी आत वळली होती, त्यामुळे गणपती नुकताच झोपेतून उठल्यासारखा, थोडा चकित दिसत होता. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला मूर्तीची नजर कुठे जाणार ते आधी माहीत नव्हतं. नानांना खोटं चालत नसे.

“वाकडी आहे,” ती म्हणाली.

“आहेच,” नाना म्हणाले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “उद्याची कमी वाकडी होईल.”